टिकाऊ नेलकटर कोणता घ्यावा? (दमट हवा, पायाची जाड नखं)

सागरगोटा
आमच्याकडे नेलकटर टिकत नाहीत. घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात कपाटाची कुलपं गंजतात तिथे नेलकटरची काय कथा. आधी वरचा चकचकीत मुलामा पापुद्र्यांनी सुटतो, मग आतून तांबूस डाग येतात. धार तर त्याआधीच गेलेली असते. नख कापलं जात नाही, चुरडलं जातं.

स्वतःपुरतं मी चालवून घेतलं असतं. खरी अडचण बाबांची आहे. वय ऐंशीच्या घरात, मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्यांची नखं जाड, पिवळट, थोडी वाकडी झालीत. नेहमीच्या नेलकटरच्या तोंडात ती मावतच नाहीत. मेडिकलवाल्याने "हा पायाचा, मोठा" म्हणून एक दिला, त्याचा दांडा जोर लावताच वाकला. ऑनलाइन बघायला गेले तर ऐंशी रुपयांपासून आठ हजारांपर्यंत सगळं आहे आणि प्रत्येकाखाली "सर्जिकल स्टील" लिहिलंय.

जपानी, जर्मन, कोरियन यांत खरंच फरक असतो का? हाताला आणि पायाला वेगळा घ्यावा का? दीड-दोन हजारांपर्यंत तयारी आहे, पण मग पुन्हा पुन्हा घ्यायला लागू नये.

खवचट_खलबत्ता
रात्री साडेनऊला नखांचा धागा काढलात ताई? आमची आजी म्हणायची रात्री नखं काढली की दारिद्र्य येतं. नेलकटरसाठी दोन हजार म्हणजे आलंच की ते.

टूलरूम
भोसरीत डाय आणि पंच बनवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल. कंटाळा आला तर पुढे जा.

कात्रीची पाती एकमेकांना घासून पुढे जातात. नेलकटरच्या दोन धारा समोरासमोर येऊन टेकतात. म्हणून पहिली परीक्षा स्टीलची नाही, जुळणीची. दोन्ही धारा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. केसभर फट राहिली की नखाचा शेवटचा धागा तुटत नाही, आपण तो ओढतो आणि कोपरा फाटतो. दुकानात नेलकटर मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर परत द्या. मग दुकानदाराकडून पातळ प्लास्टिकची पिशवी मागा आणि एक चावा घ्या. तुकडा पूर्ण रुंदीने सुटून पडला पाहिजे, लोंबकळता कामा नये. शेवटी दोन्ही पाती बोटांनी आडवी हलवून बघा. पिनीच्या भोकात ढिलाई असेल तर ती इथे कळते. आज थोडी हलतात ती वर्षभरात एकमेकांच्या बाजूने निसटायला लागतात.

आता स्टील. "सर्जिकल स्टील" या शब्दाला कारखान्यात काही अर्थ नाही. कोणता नंबर, ते विचारा. भांड्यांचं ३०४ स्टेनलेस गंजत नाही, पण त्याला पाणी देऊन (म्हणजे तापवून एकदम थंड करून) कडक करता येत नाही, त्यामुळे धार धरत नाही. कापायच्या हत्याराला ४२० किंवा ४४० मालिकेतलं स्टेनलेस लागतं. ४२० चा जे-२ हा प्रकार जपानी नेलकटरमध्ये खूप दिसतो. नीट पाणी दिलं तर कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५० च्या थोडं वर जातो. ४४०सी त्याहून कडक, ५८-६० पर्यंत, पण ते महाग आणि घासायला त्रासाचं.

घरचं चुंबक लावून बघा. ज्याला पाणी देता येतं ते स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, ३०४ सहसा चिकटत नाही. पण मुलामा दिलेलं साधं कार्बन स्टीलही चिकटतं. म्हणजे चुंबकाला न चिकटणारा नेलकटर सोडून द्या, आणि चिकटला म्हणून लगेच खूश होऊ नका.

साध्या नेलकटरचं पातं एकाच वेळी स्प्रिंगही असतं आणि सुरीही. स्प्रिंगला लवचीकपणा हवा, सुरीला कडकपणा. दोन्ही एकाच पट्टीत साधायचं म्हणजे पाणी देण्याचं काम काटेकोर लागतं, आणि स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते. बाहेरून ती दिसत नाही.

एक_डाव
पन्नास रुपयांचा घ्यायचा, खराब झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. दोन हजारांत चाळीस नेलकटर येतात काका. उरलेलं आयुष्य निघेल.

सागरगोटा
@एक_डाव, ते चाळीसही बाबांच्या अंगठ्यावर चालणार नाहीत, तोंडच तेवढं उघडत नाही. प्रश्न फक्त पैशाचा असता तर धागा काढलाच नसता.

@टूलरूम, खूप आभार. आमच्या हवेत मुलाम्याचा घ्यायचाच नाही का मग?

टूलरूम
मुलामा वाईट नसतो. चांगल्या कार्बन स्टीलवर निकेल, त्यावर क्रोम, असे उत्तम कोरियन नेलकटर पुण्यात वर्षानुवर्षं चालतात. पण धार घासलेली जागा, पिनीचं भोक आणि मागची रिव्हेट इथे मुलामा राहत नाही किंवा आधी जातो. खारी हवा तिथून आत शिरते. तुम्ही पूर्ण स्टेनलेसच घ्या, आणि पिन व रिव्हेटसुद्धा त्याच धातूची आहे का ते विचारा. पाती स्टेनलेस आणि पिन साधी असा माल भरपूर आहे. दोन पावसाळ्यांत पिनीभोवती तपकिरी कडं दिसलं की समजायचं.

दांड्याबद्दल. पातळ पत्र्याचा असला की वाकतो, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असला की एक दिवस टचकन तुटतो. स्टीलच्या जाड पट्टीतून घडवलेला हवा. हातात घेतल्यावर कडा बोटाला टोचत नाहीत ना तेही बघा. कडा कोण घासून देतो आणि कोण तशाच ठेवतो, यावरून बाकीच्या कामाचा अंदाज येतो.

ऱ्हाइनकाठी
मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहते. इथून झोलिंगन अगदी जवळ, लोकल ट्रेनने जाता येतं. चाकू, कात्र्या, वस्तरे, नखांची हत्यारं यांचं हे गाव. झ्विलिंग या चाकूंच्या कंपनीचं जुळ्यांचं चिन्ह इथल्याच पेटर हेंकेल्सने १७३१ मध्ये कारागिरांच्या संघाकडे नोंदवलं होतं.

विकत घेताना एक गोष्ट कामाची आहे. "झोलिंगन" हे नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे. महत्त्वाच्या टप्प्यांचं काम त्या भागातच झालं असेल तरच ते नाव हत्यारावर उमटवता येतं. "जर्मन डिझाइन", "जर्मन स्टील", "जर्मन क्वालिटी" वगैरे शब्दांना असं बंधन नाही. म्हणून डबीवर काय छापलंय ते वाचू नका, धातूवर गावाचं नाव कोरलंय का ते बघा. ब्रँड जर्मन असला तरी त्याची प्रत्येक वस्तू इथेच बनते असं धरून चालू नका.

इथल्या दुकानात जाड नखांसाठी पकडीच्या आकाराचं वेगळंच हत्यार मिळतं. दोन लांब दांडे, मध्ये स्प्रिंग, पुढे आखूड टोकदार तोंड. पाय तपासणाऱ्या बायका तेच वापरतात. सागरगोटा, तुमच्या बाबांना बहुधा तेच लागेल.

बुगडी
वरच्याला जोरदार अनुमोदन. मी परिचारिका आहे, मधुमेही पायांच्या ओपीडीत काम केलंय. स्टीलमधलं मला कळत नाही, पायांचं सांगते.

वयाबरोबर पायाची नखं जाड होतात, बुरशीमुळे आणखी. पिवळं, भुसभुशीत, थराथराने सुटणारं नख असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बुरशी निघाली तर उपचार लांबतो, कारण पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. हाताचं साधारण सहा महिन्यांत येतं.

कापताना: आंघोळीनंतर कापा, तेव्हा नख मऊ असतं. गरम पाण्यात पाय बुडवून बसवू नका. मधुमेहात पायाला चटका कळत नाही आणि भाजलेलं दुसऱ्या दिवशी दिसतं. नख सरळ कापा, कोपरे आत कोरू नका. कोपरा गोल कापला की वाढताना तो मांसात घुसतो, मग सूज, पू आणि पुढचं सगळं. खूप आखूडही नको. टोकं कानशीने सौम्य करा. जाड नख एका चाव्यात तोडायला जाऊ नका, एका कडेपासून छोटे छोटे तुकडे काढत पुढे जा. आणि बाबांना स्वतः कापू देऊ नका. दिसत कमी, वाकवत नाही, जखम कळत नाही, हे तिन्ही एकत्र असलं की घोटाळा होतोच.

पावलाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा आधी कधी जखम चिघळली असेल तर हत्यार कितीही चांगलं असो, नखं दवाखान्यातच काढून घ्या.

आणि कृपया घरात सगळ्यांना मिळून एक नेलकटर नको. बुरशी अशीच फिरते. प्रत्येकाचा वेगळा ठेवा. ते जमत नसेल तर निदान बाबांचा वेगळा आणि वापरल्यावर स्पिरिटने पुसलेला.

खवचट_खलबत्ता
आमच्या घरात एकच आहे आणि तोही दर रविवारी हरवतो. सापडतो तेव्हा टीव्हीच्या रिमोटचं झाकण उघडायच्या कामात असतो.

पिंपळपार
आमच्या गावात (कराडजवळ) न्हावी घरी यायचे. धोकटीत वस्तरा, कात्री आणि नराणी. नराणी म्हणजे एकच चपटी पट्टी, टोकाला धार. आजोबांची पायाची नखं ते ओली करून त्यानेच तासायचे. पिन नाही, स्प्रिंग नाही, जुळणी बिघडायचा प्रश्नच नाही. दगडावर चार वेळा घासली की पुन्हा तयार. टिकाऊपणात तिचा हात कोण धरणार! अर्थात ती चालवायला तो हात हवा, हेही खरं.

मंद्रसप्तक
मी सरोद शिकतो. सरोदला पडदे नसतात, गुळगुळीत पोलादी पट्टीवर डाव्या हाताच्या नखांच्या कडेने तार दाबायची. (बोटांच्या टोकांनी दाबणारेही आहेत, आमच्याकडे नखांनी.) त्यामुळे नखाची कड सरळ, गुळगुळीत आणि न पिचलेली लागते. एक कपची उडाली की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) खरखरते आणि गुरुजी वर बघतात.

या नादापायी मी बरेच नेलकटर वापरले आहेत. जपानी घेणार असाल तर नावांकडे जरा लक्ष द्या. "बेल" हा कोरियन ब्रँड, आपल्याकडे पूर्वीपासून ओळखीचा. "ग्रीन बेल" हा वेगळा, जपानी. दुकानदारसुद्धा गल्लत करतात. ग्रीन बेलचे चांगले नेलकटर आणि काई कंपनीचे, दोन्हींचा संबंध सेकी या गावाशी. गिफू प्रांतातलं सेकी म्हणजे शेकडो वर्षं तलवारी घडवणारं गाव. काईची सुरुवात १९०८ मध्ये तिथेच झाली, तीही घडीच्या चाकूंपासून. काईचा कारखाना आता राजस्थानात नीमराण्यालाही आहे, त्यामुळे तो ब्रँड आपल्याकडे सहज मिळतो. कोणता नमुना कुठे बनला ते मात्र पाकिटावर वाचा.

धाग्यात आठ हजारांचा उल्लेख आहे तो बहुधा सुवादाचा असणार. निइगाता प्रांतातल्या सांजो गावचा हा कारखाना १९२६ पासूनचा. त्यांचं नेलकटर पकडीच्या धाटणीचं असतं, दोन्ही पाती हाताने घासून जुळवतात. एका मित्राचं वापरून पाहिलंय. नख कापल्याचा आवाजच येत नाही आणि कड कानस न लावताही बोटाला लागत नाही. सुंदर वस्तू आहे. पण कोकणात, मधुमेही आजोबांसाठी, पहिल्याच खेपेला तेच घ्या असं मी म्हणणार नाही. ते खाली पडलं आणि टोक वाकलं तर दुरुस्तीला कुठे पाठवणार?

एक_डाव
नखाचा आवाज येत नाही म्हणून आठ हजार. ठीक आहे.

मंद्रसप्तक
@एक_डाव, तबल्याची एक चामडी पुडी बदलायला किती पडतात विचारा, मग बोलू. :)

टूलरूम
@मंद्रसप्तक यांनी पकडीच्या धाटणीचं म्हटलं ते महत्त्वाचं आहे. साध्या नेलकटरमध्ये दांड्याने जोर वाढतो खरा, पण पाती मागच्या रिव्हेटवर वाकतात आणि धार अगदी पुढच्या टोकाला, त्यामुळे मिळालेला जोर थोडा वायाही जातो. शिवाय तोंड फार उघडता येत नाही, जास्त उघडलं तर दांडा उंच जातो आणि हातात मावत नाही. पकडीत सांधा तोंडाच्या अगदी जवळ आणि दांडे लांब. सुपारी अडकित्त्याच्या सांध्याजवळ सरकवली की कमी जोरात फुटते, तसंच आहे हे. जाड नखाला पकडच.

पकड घेताना सांध्याकडे बघा. एकावर एक पात ठेवून नुसती रिव्हेट ठोकलेली असेल तर ती सैल होते. एक पात दुसऱ्याच्या खाचेतून आरपार गेलेली असेल तर ती सरळ रेषेत राहते. मधली स्प्रिंग तारेची नको, पट्टीची बघा.

हातासाठी मात्र साधा नेलकटरच बरा. तोंड किंचित वळलेलं असलेला हाताला, सरळ तोंडाचा रुंद असलेला पायाच्या बाकी बोटांना. म्हणजे तुमच्या घरात तीन हत्यारं झाली. तिन्ही मिळून दोन हजारांत बसतील, सुवादाच्या वाटेला गेला नाहीत तर.

नागझिरा
कोरियन कोणी फारसं सुचवलं नाही, म्हणून. थ्री सेव्हन म्हणजे ७७७ छापाचे नेलकटर आमच्याकडे नागपुरात पहिल्यापासून आहेत. दक्षिण कोरियातल्या चोनान शहरातली कंपनी. बोइंगने ७७७ नावाचं विमान आणलं तेव्हा या नेलकटरवाल्यांचा आणि त्यांचा नावावरून वाद झाला होता, शेवटी समझोता झाला. विमानवाल्यांशी भिडलेला नेलकटर म्हणून मला त्याचं कौतुक आहे. आमच्या कोरड्या हवेत मुलाम्याचाही टिकतो. नकली माल मात्र फार, ठसा पुसट किंवा तिरका असेल तर सोडा.

सागरगोटा
सगळ्यांचे आभार. बुगडीताईंचं वाचून आधी बाबांना दवाखान्यात नेलं. बुरशीच आहे, औषध सुरू झालंय. पायाला संवेदना ठीक आहे म्हणाले, घरी कापायला हरकत नाही, पण मीच कापायची. आता पकड मागवतेय, स्टेनलेस, खाचेचा सांधा असलेली. हातासाठी सेकीचा.

देखभालीचं सांगा. खोबरेल लावून ठेवलं तर चालेल का? घरात तेच आहे.

टूलरूम
खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि धूळ धरून चिकट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि पिनीवर, जास्तीचं पुसून टाका. वापरल्यावर कोरडं करा. औषधाच्या बाटलीत येणारी ती पांढरी पुडी डबीत टाकून ठेवा, तुमच्या हवेत ती लवकर भिजते तेव्हा अधूनमधून बदला. न्हाणीघरात ठेवू नका.

आणि रिकामा नेलकटर टकटक वाजवत बसायची सवय घरात कोणाला असेल तर ती बंद करा. मध्ये नख नसताना दोन धारा थेट एकमेकींवर आदळतात. चांगल्या धारेची वाट लावायचा तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पिंपळपार
धार गेल्यावर पॉलिश पेपर किंवा अॅल्युमिनियमची फॉइल कापायची, धार परत येते म्हणतात. खरं का?

टूलरूम
फॉइलने धारेवरचा बारीक मळ निघतो आणि दुमडलेली कड जरा सरळ होते, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. पॉलिश पेपरने दोन्ही धारा कशाही घासल्या जातात, जुळणी जाते. साध्या नेलकटरला घरी धार लावायच्या फंदात पडू नका. पकडीला लावता येते, बाहेरच्या उतारावर बारीक दगडाने, दोन्ही बाजूंना सारखी. पण ज्याचा हात बसलाय त्यानेच.

ऱ्हाइनकाठी
थोडं अवांतर. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, बोटांत जोर नाही. नेलकटर दाबताच येत नाही आणि दुसऱ्याने नखं कापलेली आवडत नाहीत. त्यांच्यासाठी काही?

टूलरूम
मोठ्या तोंडाचा नेलकटर लाकडी ठोकळ्यावर बसवून द्या. दांडा वर, तोंड ठोकळ्याच्या कडेबाहेर अर्धा इंच. ठोकळ्याखाली रबर चिकटवा म्हणजे टेबलावर सरकणार नाही. मग दांडा बोटांनी दाबायचाच नाही, तळहाताने किंवा कोपराने दाबायचा, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढून तोंडात सरकवायचं. दांड्याला वरून लाकडाची रुंद पट्टी बांधली तर आणखी सोपं.

ऱ्हाइनकाठी
वा! हे या शनिवारीच करते. स्क्रूने बसवायचं की अरल्डाइटने चिकटवलं तर चालेल?

टूलरूम
अरल्डाइट चालेल, पण फक्त खालच्या पात्याच्या मागच्या अर्ध्या भागाला लावा आणि पिनीच्या डोक्याखाली ठोकळ्यात खड्डा कोरून ठेवा. पिन अडकली किंवा पुढचा भाग चिकटला तर पातं वाकणार नाही आणि दांडा अर्ध्यात अडेल. लावल्यावर रात्रभर तोंड उघडं ठेवूनच वाळू द्या.